पाठ फिरविणारें घड्याळ

घड्याळ म्हटलें कीं वाटोळी तबकडीच डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत युरोपांतील कारागिरांनीं मनगटी घड्याळाला चौकोन, लंबचौकोन, पिंप असे नाना आकार दिले. लुई कार्तिए यानें १९१७ सालीं रणगाड्याच्या आकारावरून बेतलेलें ‘टँक’ हें त्यांत विशेष प्रसिद्ध. अशीं जुनीं, उंची घड्याळें जमविण्याचा छंद आज अनेक देशांत जडलेला आहे.

मला स्वतःला त्यांतलें ‘रिव्हर्सो’ अधिक आवडतें. त्याच्या जन्मकथेचें एक टोक हिंदुस्थानांत आहे. १९३०-३१ च्या हिवाळ्यांत सेझार द त्रे हा स्विस व्यापारी येथें आला असतां इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं त्याच्यापुढें गाऱ्हाणें मांडलें, कीं पोलोच्या धुमश्चक्रींत मनगटावरील घड्याळाची कांच टिकत नाहीं, अशी हकीकत सांगतात. (पोलो हा खेळहि त्यांनीं मणिपुरी लोकांकडूनच उचललेला!) द त्रे यानें ती अडचण स्वदेशीं जाऊन जाक-दाविद लकूल्त्र या कारखानदाराच्या कानांवर घातली, आणि रने-आल्फ्रेद शोवो या फ्रेंच गृहस्थानें तिच्यावर तोड काढली. घड्याळ एका चौकटींत बसवावयाचें, बाजूस सरकवून उलथें करावयाचें, म्हणजे तबकडी मनगटाकडे आणि धातूची पाठ बाहेर! ४ मार्च १९३१ रोजीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला.

खेळ राहिला बाजूला. त्या कोऱ्या पाठीवर लोक आद्याक्षरें, कुलचिन्हें, चित्रें कोरून घेऊं लागले. पुढें वाटोळ्या, पाणी न शिरणाऱ्या घड्याळांचे दिवस आले आणि मागणी आटली. १९७२ सालीं जोर्जो कोर्वो या इटालियन विक्रेत्यानें कारखान्यांत पडून राहिलेल्या सुमारें दोनशे रिकाम्या डब्या विकत घेतल्या, त्यांत यंत्रें बसवून त्या खपविल्या, तेव्हां कोठें याला दुसरा जन्म लाभला.

संग्राहकानें पाहावयाचें काय? वाटोळ्या डबीचें झांकण आट्यांनीं घट्ट फिरवितां येतें. चौकोनी डबीचें तसें येत नाहीं. त्यामुळें सांध्यांतून दमटपणा व धूळ आंत शिरते आणि तबकडी डागाळते. मग घड्याळजी ती नव्यानें रंगवून देतो. ऐंशी-नव्वद वर्षांच्या घड्याळाची तबकडी अगदीं शुभ्र, अक्षरें मात्र जाड व पसरट, असें दिसलें कीं संशय धरावा.

याहूनहि मोठी हानि झिलईनें होते. प्रत्येक पॉलिशाबरोबर धातूचा पातळ थर जातो. वाटोळ्या घड्याळांत तें फारसें जाणवत नाहीं. पण आकाराच्या घड्याळाचें सारें सौंदर्य कडांत असतें. रिव्हर्सोच्या वर व खालीं तीन-तीन आडव्या रेघा उठविलेल्या असतात. त्या बोथट झाल्या कीं उरतो तो नुसता गुळगुळीत तुकडा. यंत्र खुशाल साफ करवावें, कमान तुटली असल्यास बदलावी. डबीला मात्र हात लावूं देऊं नये. परक्याचीं आद्याक्षरें कोरलेलें घड्याळ पुष्कळ संग्राहक नाकारतात. मला उलट तेंच घ्यावेसें वाटतें.

हें शहाणपण मला उशिरां सुचलें. आजोबांचें एक लंबचौकोनी सोन्याचें घड्याळ घरीं होतें. पाठीवर त्यांच्या विवाहाचें साल कोरलेलें. पुतण्याच्या मुंजींत मनगटावर बांधावें म्हणून मीं तें एका कारागिराकडे ‘नव्यासारखें’ करावयास दिलें. आलें तें लखलखीत. घरांत सर्वांनीं तोंड भरून वाखाणलें. आत्यांनीं मात्र तें उलटें केलें, अंगठ्यानें पाठ चांचपली आणि विचारलें, “साल कुठें गेलें रे?”

उजेडांत तिरकें धरल्यास पहिले दोन आंकडे अजून दिसतात.