गिऱ्हाईकाचा शब्द आता मोबाईलवर

अमरावतीचा इतवारा बाजार असो की अकोल्याची ताजनापेठ, आपल्याकडील धंदा आजवर तोंडी नावलौकिकावर चालत आला आहे. माप चोख आहे, कबूल केलेल्या दिवशी माल मिळतो, एवढे गिऱ्हाईकाने चारचौघांत सांगितले की दुकानदारास दुसरी जाहिरात लागत नसे. हाच शब्द आता गुगल मॅप, जस्टडायल अशा ठिकाणी लेखी नोंदला जातो. दर्यापूरहून अमरावतीस किंवा बाळापूरहून अकोल्यास लग्नाच्या खरेदीसाठी निघालेले कुटुंब शिंप्याचे, फर्निचरवाल्याचे तारे मोबाईलवर आधी पाहू शकते.

याचा धंद्यावर परिणाम किती? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ साली अमेरिकेतील सिॲटल शहराच्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. हा परिणाम स्वतंत्र मालकांच्या उपाहारगृहांवर दिसला, साखळी कंपन्यांवर नाही. मोठ्या कंपनीचे नाव सर्वांना ठाऊक असते. लहान कारागिराची ओळख परक्या माणसास इतरांच्या शब्दावरूनच होते.

येथे साधा हिशेब ध्यानात घ्यावा. चौघांनी ५ तारे दिले व एकाने १, तर सरासरी ४.२ येते. चाळीस जणांनी ५ दिले व एकाने १, तर ती ४.९ राहते. म्हणून समाधानी गिऱ्हाईकास बिल देतानाच दोन ओळी लिहिण्याची विनंती करावी. मात्र सूट किंवा भेट देऊन अभिप्राय लिहून घेऊ नये. गुगलच्या नियमांत ते बसत नाही. ऑनलाईन माल विकणाऱ्यांनी स्वतःच ग्राहक बनून अभिप्राय लिहिण्यास २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली आहे. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले.

तक्रार आली तर रागाने उत्तर देऊ नये. गुगलवर दुकानाची नोंद विनामूल्य आपल्या ताब्यात घेता येते व मालक म्हणून उत्तर देता येते. चूक असेल तर ती मान्य करून दुरुस्तीची तारीख द्यावी. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढचे शंभर गिऱ्हाईक वाचतात. अभिप्राय खोटा असल्यास गुगलकडे तो कळवावा. वाईट अभिप्राय काढण्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. मजकूर जपून ठेवून सायबर पोलिसांकडे जावे. धमकावून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे.

ज्यांना मोबाईलवर लिहिण्याचा सराव नाही, त्यांनी घरातील शिकलेल्या मुलामुलींवर हे काम सोपवावे. पण उत्तर काय द्यायचे ते मालकानेच सांगावे. कारण त्याखाली नाव त्याच्या दुकानाचे असते.