लक्ष्याच्या मागे काय आहे?

मुळशीकडून एका वाचकांनी विचारलं आहे : "आमची पाच एकर जमीन आहे, एका अंगाला डोंगर आहे. भाचा रायफल चालवतो. त्याला रोज बालेवाडीला जाणं-येणं जमत नाही. शेतातच लांब पल्ल्याची रेंज बांधता येईल का?" स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत नोकरी, पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सराव. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. त्यानंतर गावोगावच्या घरांत हा प्रश्न निघाला, तर त्याचा आनंदच वाटायला हवा.

कागदावर हिशेब बसतो. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे, साधारण वीस हजार चौरस मीटर. वीस मीटर रुंदीचा पट्टा काढला तर लांबी भरते बरोबर एक किलोमीटर. पण हे झालं गोळी जिथे पोहोचावी असं आपल्याला वाटतं तिथपर्यंतचं अंतर. रेंज बांधणाऱ्याला आधी पाहावं लागतं ते चुकलेल्या गोळीचं अंतर.

स्वप्नील वापरतो ती .२२ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते, आणि नळी वर उचललेली असताना सुटली तर दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. एक किलोमीटरच्या नेमबाजीला लागणारी ७.६२ मिलिमीटरची गोळी चार किलोमीटरपर्यंत जाते. रेंजपासून चार किलोमीटर लांब आणि शेवटी फक्त एक किलोमीटर रुंद असा त्रिकोण मोकळा ठेवायचा म्हटलं, तरी ते क्षेत्र पाचशे एकरांच्या आसपास भरतं. मुळशीत सलग पाचशे एकर, ज्यात वस्ती नाही, पायवाट नाही, गुरं चारायला कुणी जात नाही, अशी जागा दाखवा!

शाळेत आपण शिकलो की ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते. रायफलच्या गोळीला ते लागू होत नाही. तिचा सर्वाधिक पल्ला साधारण ३० ते ३५ अंशांत मिळतो. कारण हवा. आणि हवा गोळीचं काय करते हे ज्याने प्रथम मोजलं, त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

बेंजामिन रॉबिन्स, जन्म १७०७, गाव इंग्लंडातलं बाथ. त्याच्या काळापर्यंत तोफखान्याची पुस्तकं गॅलिलिओच्या परवलयावर चालत होती आणि हवेचा अडथळा किरकोळ समजून सोडून दिला जात होता. रॉबिन्सने एक जड लाकडी फळी लंबकासारखी टांगली, तिच्यावर बंदूक झाडली आणि फळी किती मागे झुलली ते मोजलं. मोजायची त्याची युक्ती मला अजूनही मोहात पाडते : फळीच्या खालच्या कडेला एक अरुंद फीत बांधलेली, फळी मागे गेली की फीत तेवढीच ओढली जायची आणि तिथेच राहायची. ओढल्या गेलेल्या फितीची लांबी मोजायची, त्यावरून गोळीचा वेग काढायचा. सेकंदाला सोळाशे-सतराशे फुटांचा वेग, फितीवर! मग तो फळी लांब लांब नेत गेला आणि वाटेत वेग किती घटतो ते पाहिलं. पाऊण इंची शिशाच्या गोळीला हवेचा अडथळा तिच्या वजनाच्या सुमारे १२० पट निघाला. किरकोळ समजलेली गोष्ट गुरुत्वाकर्षणाहून शंभरपट मोठी होती. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हा अडथळा एकदम वाढतो, हेही त्यानेच टिपलं, स्वनातीत विमानांच्या दोनशे वर्षं आधी.

हे सगळं १७४२ साली पुस्तकरूपाने आलं आणि १७४५ मध्ये खुद्द गणितज्ञ ऑयलरने त्याचं जर्मन भाषांतर केलं, स्वतःची भरघोस टिपणं जोडून. एका मुद्द्यावर मात्र ऑयलर अडला. रॉबिन्सचं म्हणणं होतं की गोळी स्वतःभोवती फिरते म्हणून हवेत वळते. ऑयलरला ते पटेना. गोळी नीट गोल नसेल, असं त्याचं मत. रॉबिन्सने बंदुकीची नळी मुद्दाम डावीकडे वाकवली आणि गोळीच्या वाटेवर पातळ कागदाचे पडदे उभे केले. पहिल्या पडद्यांवरची भोकं डावीकडे पडली आणि शेवटी गोळी रेषा ओलांडून उजवीकडे गेली. ऑफस्पिनरचा चेंडू हवेतच बाजूला सरकतो, तीच ही करामत. आज तिला मॅग्नस परिणाम म्हणतात. मॅग्नसने ती १८५२ साली तपासली, म्हणजे रॉबिन्सनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. हा अन्याय आहे असं मी मानतो. लंबकात घुसलेल्या गोळीचं गणित आपल्या विद्यार्थ्यांनी सोडवलेलं असतं, पण त्या गणिताखाली त्याचं नाव नसतं.

आणि हा माणूस वारला आपल्याकडे. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या डागडुजीसाठी त्याला मुख्य अभियंता म्हणून पाठवलं, १७५० साली तो भारतात पोहोचला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४४व्या वर्षी, कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात गेला.

आता मुळशीच्या शेतात परत येऊ. बाजूचा वारा गोळीला किती ढकलतो? उड्डाणाचा वेळ गुणिले वाऱ्याचा वेग, असं सुचतं. ते चूक आहे. हवा नसती तर लागला असता त्याहून जितका जास्त वेळ गोळीला लागतो, तेवढाच वेळ वाऱ्याच्या वेगाने गुणायचा. फ्रेंच तोफखान्यातल्या दिदिओंचा हा नियम रॉबिन्सच्या मोजमापांचाच वारस. पन्नास मीटरवर .२२च्या गोळीला हवेमुळे सेकंदाच्या सहा-सात सहस्रांश इतका उशीर होतो. वारा सेकंदाला तीन मीटरचा, म्हणजे झाडाची पानं सळसळवणारा. सरक भरते जवळजवळ दोन सेंटिमीटर. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तोच वारा एक किलोमीटरवर ७.६२च्या गोळीला सुमारे दीड मीटर ढकलतो. म्हणून स्पर्धेच्या रेंजवर वाऱ्याच्या झेंड्या असतात, पन्नास मीटरच्या रेंजवर दहा आणि तीस मीटरवर, आणि नेमबाजाचा निम्मा सराव त्या वाचण्याचा असतो. मोबाइलमधलं अॅप गणित चोख करतं. मधल्या तीनशे मीटरवर वारा कुठून आहे हे त्याला कुणीतरी सांगावंच लागतं.

दिशा ठरवतानाही पेच आहे. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की सूर्य शक्यतो नेमबाजाच्या पाठीशी हवा, म्हणून आपल्याकडे रेंजचं तोंड उत्तरेला. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, पण तो जवळजवळ डोक्यावर, त्याने बिघडत नाही. बिघडवतो तो मान्सून. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे उत्तरमुखी रेंजला तो थेट आडवा. पश्चिमेला तोंड करावं तर संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर. मी उत्तरच निवडेन. वाऱ्याशी जुळवून घेता येतं, डोळ्यांवरच्या उन्हाशी नाही.

"एका अंगाला डोंगर आहे" या वाक्याने मला काळजी वाटली. सह्याद्रीचा डोंगर म्हणजे बेसॉल्टचा कातळ. त्याला तिरकी लागलेली गोळी थांबत नाही. उसळते आणि कुठे जाईल सांगता येत नाही. मुरमातही दगड असतात. गोळी अडवायला चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा जाड, उभट बांध लागतो आणि डोंगर असलाच तर त्या बांधाच्या मागे. शिवाय शिसं. दहा हजार गोळ्या झाडल्या की पंचवीस किलोंहून अधिक शिसं त्या बांधात साठतं. मुळशीतला धो धो पाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी माती, दोन्ही शिसं विरघळवून वाहून न्यायला अनुकूल. ओढे उतरतात ते धरणांत. बांधावर छप्पर आणि वरचेवर चाळून शिसं काढणं, हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागेल.

लक्ष्यामागच्या जमिनीची किंमत काय असते हे खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगरच्या के. के. रेंजवरून कळतं. तिथे रणगाडे सराव करतात. गोळे पडतात एका ठिकाणी आणि भूसंपादनाची टांगती तलवार मात्र राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांवर. देशाच्या संरक्षणासाठी असलेल्या रेंजबाबतही शेतकऱ्यांचा हा प्रश्न वर्षानुवर्षं सुटत नाही. खासगी हौसेसाठी शेजाऱ्याच्या शिवारावर असा त्रिकोण टाकायचा अधिकार कुणालाच नसावा, आणि कायदाही तो देत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार रेंज चालवायला परवाना लागतो. जमीन एनए करण्याची खटपट वेगळीच.

तेव्हा उत्तर : लांब पल्ल्याची रेंज नको. भाच्यासाठी दहा मीटरची बंदिस्त रेंज बांधा, एअर रायफलची. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. वीसेक मीटर लांबीची शेड पुरते. मागची भिंत पक्की विटांची, तिच्यापुढे पेलेट अडवणारे लोखंडी पत्र्याचे सापळे, पडलेलं शिसं डब्यात गोळा होईल असे. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, त्यावर किमान १५०० लक्स उजेड. खिडक्या लक्ष्याच्या बाजूला ठेवू नका, आणि शेडचं दार नेहमी नेमबाजाच्या पाठीमागे. दहा गुणांचा ठिपका तिथे अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो रोज गाठायला लागला की मग पन्नास मीटरसाठी आठवड्यातून एकदा बालेवाडी.