आधी पुठ्ठ्याची शाळा, मग सिमेंटची

शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली की गावात सभा भरते. टेबलावर नकाशा पसरला जातो, सर्वजण माना डोलावतात. नकाशा किती जणांना कळला, हे कोणी विचारीत नाही. काँक्रीट ओतल्यावर चूक ध्यानात येते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. म्हणून बांधकामापूर्वी संपूर्ण आवाराची लहान प्रतिकृती, म्हणजेच मॉडेल, करावे. विद्यार्थी मित्रहो, हे काम तुम्हीही करू शकता.

प्रथम प्रमाण ठरवावे. १:१०० हे सोयीचे. प्रत्यक्षातील १ मीटर म्हणजे मॉडेलमधील १ सेंटिमीटर. १०० मीटर लांब व ६० मीटर रुंद आवार १ मीटर बाय ६० सेंटिमीटरच्या फळीवर मावते. ८ बाय ६ मीटरचा वर्ग ८ बाय ६ सेंटिमीटरचा होतो.

नंतर टेपाने जागा मोजावी. झाडे, विहीर, पायवाटा व पावसाचे पाणी वाहण्याची दिशा टिपावी. पारदर्शक नळीत पाणी भरून चढउतार मोजता येतो. अर्धा मीटर चढासाठी ५ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा एक थर द्यावा. २ मिलिमीटरचा पुठ्ठा २० सेंटिमीटरच्या भिंतीचे काम करतो. फेव्हिकॉल पातळ लावून वर पुस्तकांचे वजन ठेवावे, नाहीतर पुठ्ठा वाकतो. छप्पर चिकटवू नये. उचलून आतले वर्ग पाहता आले पाहिजेत.

आता मॉडेलला प्रश्न विचारावेत. सूर्या नदीकाठच्या मासवणसारख्या गावात पहिला प्रश्न पावसाचा. पाणी कोठून येईल व कोठे साचेल? नैर्ऋत्येकडून येणारी झड वर्गात शिरेल काय? दुसरा प्रश्न उन्हाचा. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो. तेवढ्या कोनातून बॅटरीचा झोत टाकला की सावली कोठे पडते ते दिसते. तिसरा प्रश्न चाकाच्या खुर्चीवरील मुलाचा. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर १:१२ उताराचा रॅम्प ५.४ मीटर लांब लागतो. त्याला जागा सोडली आहे काय? मुलींचे स्वच्छतागृह आडबाजूला तर गेले नाही ना? अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी व क्रीडांगण या सोयी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच आवश्यक ठरविल्या आहेत.

मॉडेलची मर्यादाही ओळखावी. इमारत किती मजबूत होईल, हे पुठ्ठा सांगत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसराला भूकंपाचे धक्के जाणवले आहेत. पाया व लोखंड यांचा हिशेब अभियंत्यानेच केला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले व परिसराला नागसेनवन. मिलिंद राजा हा प्रश्न विचारणारा, नागसेन उत्तरे देणारा. शाळेचे मॉडेलही ग्रामसभेत ठेवावे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्यावर बोट ठेवून विचारता यावे, "बाळा, पावसात पोरं इथून कशी जातील?" पुठ्ठा कापून बदलता येतो. भिंत पाडायला मात्र पुन्हा पैसा लागतो, आणि तो पैसा शाळेचाच असतो.