निनांवी बंदुकीचा कर्ता

गेल्या वर्षीं आम्ही सपत्नीक अमेरिकेंत धाकट्या चिरंजीवांकडे चार महिने राहून आलों. त्यांचें बिऱ्हाड पेनसिल्व्हानियाच्या पूर्व भागांत, लीहाय नदीच्या खोऱ्यांत आहे. शेजारीं ऐंशी वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ राहतात. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकांत जर्मनींतून तेथें आले. त्यांच्या दिवाणखान्यांत एक लांबच लांब बंदूक टांगलेली आम्हीं पाहिली. "ही कोणीं केली?" असें सहज विचारलें. म्हातारे हंसून म्हणाले, "तेंच तर आमच्या तीन पिढ्या विचारीत आहेत. तिच्यावर नांव नाहीं."

बंदुकीशीं आमचा जन्मांत संबंध आलेला नाहीं. परंतु कर्त्याचें नांव गळालेली वस्तु दिसली, कीं संस्कृत शिकलेल्या मनुष्यास शेवटचें पान हरवलेली पोथी आठवते. म्हणून आम्हीं चौकशी आरंभिली, व तींत जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आधीं या बंदुकीचें कूळ सांगितलें पाहिजे. जर्मनींतील शिकारी आखूड व जाड नळीची बंदूक वापरीत. नळीच्या आंतल्या अंगास मळसूत्री खांचा असत. त्यामुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत सुटे व दूरवर नीट जाई. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पेनसिल्व्हानियांत वसलेल्या जर्मन व स्विस कारागिरांनीं ही विद्या बरोबर नेली. हळूहळू त्यांनीं नळी ४० इंचांहून लांब केली, आणि शिसें व दारू वांचावी म्हणून तिचें भोंक अर्ध्या इंचाच्या आसपास आणलें. ही ठासणीची बंदूक चकमकीच्या ठिणगीनें पेटे. गोळी तेलकट चिंधींत गुंडाळून गजानें ठासावयाची, आणि त्या चिंध्या ठेवण्यासाठीं कुंद्याच्या उजव्या अंगास एक पेटी कोरावयाची. १७८३ सालीं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर सुमारें चाळीस वर्षें या बंदुकांवर पितळेचें, रुप्याचें व लांकडांतलें नक्षीकाम असें कांहीं बहरलें, कीं जाणते त्या काळास सुवर्णयुग म्हणतात. हिला 'केंटकी' बंदूक म्हणण्याचा प्रघात पडला, तो १८१५ च्या न्यू ऑर्लिअन्सच्या लढाईवरील एका लोकप्रिय गाण्यामुळें. वस्तुतः तिचें माहेर पेनसिल्व्हानियाच.

कारागिराची सही असलीच तर ती बहुधा अष्टकोनी नळीच्या वरच्या पैलूवर असते. पण गांवांतल्या गिऱ्हाइकास गांवचा बंदूककार ठाऊकच असे. त्याला सहीची गरज काय? त्यामुळें पुष्कळ बंदुका निनांवीच राहिल्या. नवशिका मनुष्य मग चकमकीच्या पट्टीवरील नांव वाचून आनंदतो, आणि तेथेंच फसतो. चकमकीचें यंत्र अनेकदां इंग्लंड किंवा जर्मनींतून तयार येई. तें नांव यंत्र करणाराचें. पितळेवर दोन अक्षरें कोरलेलीं असलीं तर तीं मालकाचीं असूं शकतात. शिवाय नळी झिजली कीं खांचा पुन्हां कोरीत, तोंड खराब झालें कीं तेवढें कापून टाकीत, आणि पुढें टोपीची बंदूक निघाल्यावर चकमक काढून तेथें नवा घोडा बसवीत. म्हणजे लोखंड बोलतें खरें, पण पुष्कळदां दुसऱ्याचेंच बोलतें.

अधिक भरंवशाची साक्ष लांकडाची. वाघाच्या अंगावरच्यासारखे पट्टे असलेल्या मेपलच्या लांकडाचा कुंदा बहुधा त्याच दुकानांत, त्याच हाताखालून उतरलेला असतो. बंदूक आडवी धरून तो बाजूनें पाहावा. लँकेस्टरकडील कुंदा सरळ रेषांचा, त्रिकोणी. लीहाय खोऱ्यांतल्या कुंद्याची रेषा बांकदार, तिला तिकडे रोमन नाक म्हणतात. बेडफर्डकडील कुंदा सडपातळ. पेटीच्या पितळी झांकणापुढें लँकेस्टरचे कारागीर डेझीच्या फुलाचा आकार काढीत. अशा परगण्यापरगण्यांतील परंपरांना तज्ज्ञ 'शाळा' म्हणतात. १९२४ सालीं जॉन डिलिन यांनीं या बंदुकांवर ग्रंथ लिहिला, आणि १९६० सालीं जो किंडिग यांनीं सुवर्णयुगांतील बंदुका शाळावार लावून दाखविल्या.

शाळा ठरली तरी हात ठरत नाहीं. हातासाठीं बारीक खुणा पाहाव्या लागतात: गाल टेकावयाच्या उंचवट्यामागील वेलीचें वळण, कोरण्याची खोली, पितळेवरील रेघांचा तिरकेपणा, चापाभोंवतालच्या कड्याचा घाट. ज्या लकबीकडे कारागिराचें स्वतःचें लक्ष नसतें, तीच त्याची चुगली करते. मग सही असलेली बंदूक शेजारीं ठेवून दोन्ही ताडून पाहावयाच्या. आणि करांच्या याद्या, मृत्युपत्रें व चर्चच्या वह्या चाळून तो मनुष्य त्या काळीं त्या गांवीं होता काय, हें शोधावयाचें.

यांत मोठी अडचण गुरुशिष्यांची. नाझरेथ गांवानजीक ख्रिश्चन्स स्प्रिंग येथें मोराव्हियन पंथीयांचें बंदुकांचें दुकान होतें. तेथील कारागीर आंद्रेआस आल्ब्रेख्त हा १७५० सालीं जर्मनींतून आलेला. त्याच्या मागून ख्रिश्चन ओर्टर यानें दुकान संभाळलें व १७७७ सालीं ऐन तारुण्यांत तो वारला. ओर्टरची सही व साल असलेल्या कांहीं बंदुका उरल्या आहेत. त्या दुकानच्या निनांवी बंदुका ओळखण्याची तीच किल्ली. त्यांतील १७७५ ची एक बंदूक १९७१ सालीं व्हॅली फोर्ज येथून चोरीस गेली व २०१८ सालीं सांपडली. तिच्यावर सही आहे, म्हणून तिच्या कर्त्याविषयीं वाद नाहीं. सही नसलेली बंदूक मात्र गुरूची कीं शिष्याची, हें सांगतांना भले भले जाणते अडखळतात.

आमच्या शेजाऱ्यांच्या बंदुकीवरही हाच प्रसंग आला. एका जाणत्या गृहस्थांनीं नळी उतरवून सर्व बारकाईनें पाहिलें. कुंद्याचें नाक निःसंशय लीहायचें. काळ १८०० च्या सुमाराचा. तीन खुणा तेथील एका नामांकित कारागिराशीं जुळल्या, दोन जुळल्या नाहींत. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मात्र म्हणाला, "त्याचेंच नांव लावा, दाम दुप्पट येईल." म्हाताऱ्यांस नातवाच्या शिक्षणाची विवंचना होती. त्यांनीं आम्हांस विचारलें, "तुम्ही मास्तर होतां, तुम्हांस काय वाटतें?"

आम्हीं त्यांस उत्तर न देतां एक जुनी गोष्ट सांगितली. पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एका शिक्षकांची टवाळी करणारी निनांवी चिठ्ठी सांपडली. 'श' आणि 'ळ' यांचीं वळणें पाहून आम्हीं एका मुलास तत्काळ ओळखलें व चार छड्या मारल्या. तो एक शब्द बोलला नाहीं. महिन्यानें वरच्या इयत्तेंतील त्याचा थोरला भाऊ रडत आला व चिठ्ठी आपली असल्याचें कबूल करून गेला. वडील लहानपणींच वारलेले. धाकट्यानें अक्षर थोरल्याचें पाहूनच गिरवलें होतें. म्हणजे घराणें आम्हीं बरोबर ओळखलें होतें, मनुष्य चुकीचा धरला होता. त्या मुलाची क्षमा मागावयास पाहिजे होती. ती आम्हीं मागितली नाहीं, कारण आम्ही मास्तर होतों.

म्हातारे बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशीं त्यांच्याकडे गेलों, तों बंदुकीखालीं त्यांच्या हातचा एक पुठ्ठा लावलेला: "लीहाय खोरें, सुमारें १८००. कर्ता ठाऊक नाहीं." त्याखालीं एक ओळ भरेल एवढी जागा त्यांनीं कोरी सोडली होती.

आपल्या घरींही आजोबांच्या पोथ्या असतील, पणजीच्या समया असतील. त्यांचा गांव व काळ शोधावा. नांवाची ओळ मात्र पुरावा मिळेपर्यंत कोरी ठेवावी.

परत आल्यावर आम्हीं त्या धाकट्या विद्यार्थ्याचा ठिकाणा मिळवून त्यास पत्र घातलें. तो आतां पन्नाशीकडे झुकला आहे. पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. पाकिटावरील 'श' पाहतांच क्षणभर वाटलें, कीं हें थोरल्याचेंच अक्षर. मग आम्हीं पाकीट फोडून आधीं खालची सही वाचली.