एक टीम, एकच नारिंगी!

‘अगं, तू दुसऱ्या टीमकडून खेळतेस का?’

कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममधली माझी पहिलीच मॅच आणि प्रेक्षकांतून आलेला हा प्रश्न! माझं सिलेक्शन उशिरा झालं, त्यामुळे जर्सीही मागाहून शिवून आली. दुकान तेच, डिझाइन तेच. पण बाकीच्या पोरी पिकलेल्या संत्र्यासारख्या आणि मी विटेसारखी. संत्रानगरीत राहून संत्र्याचाच रंग चुकला! ग्रुप फोटोत मी अजूनही ‘पाहुणी’ दिसते.

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा फोन आला. ‘ताई, जर्सी, ट्रॅकसूट, कॅप सगळं सेम रंगात हवंय. येतेस का सोबत?’ म्हटलं, चल! हिंगणा रोडवर इंजिनीअरिंग कॉलेजेस आणि एमआयडीसी अगदी शेजारी. किटबॅगवाली पोरं आणि शिफ्टला निघालेली मंडळी एकाच रस्त्यावर. २०२० पासून तर लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोही आहे. आम्ही दोघी तिनेच गेलो.

प्रिंटिंगवाल्या काकांना ज्युनिअरने मोबाइलवर लोगो दाखवला. काका हसले. ‘मॅडम, मोबाइल ठेवा न बाजूला. कापड आणलं का, कापड?’

फंडा सोपा आहे. स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा, कापडावरचा शाईचा. शिवाय प्रत्येक मोबाइलचा ब्राइटनेस वेगळा. जर्सीसाठी डिझाइन आधी कागदावर छापतात आणि साधारण २०० अंश सेल्सिअसच्या प्रेसखाली पॉलिस्टरवर उतरवतात. याला सब्लिमेशन म्हणतात. हे कॉटनवर टिकत नाही, म्हणून कॉटन टी-शर्टला स्क्रीन प्रिंट आणि कॅपला रंगीत धागा. तीन पद्धती, तीन नारिंगी! त्यात कापड रंगवण्याची प्रत्येक खेप थोडी वेगळी उतरते. माझ्या विटकरी जर्सीचं कोडं तिथे सुटलं.

मग काकांनी दोन तुकडे ट्यूबलाइटखाली धरले. डिट्टो सेम! बाहेर उन्हात नेले, तर चक्क वेगळे. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. मॅच उन्हात असेल, तर रंगही उन्हातच बघायचा.

यावर उपाय म्हणजे रंगाला नाव नाही, नंबर द्यायचा. अमेरिकेतल्या पँटोन कंपनीने १९६३ मध्ये अशी नंबरांची पद्धत आणली. आपल्या तिरंग्याचे रंगही भारतीय मानकात आकड्यांनीच ठरवलेले आहेत. आणि रंगाला महत्त्व किती? २०१९ च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडही निळ्यात असल्याने आपल्या टीमने त्या मॅचपुरती नारिंगी-निळी जर्सी घातली होती!

तुमच्या ऑफिस टीमचे टी-शर्ट काढताय? मग हे करा...

* रंगाचा नंबर आणि कापडाचा नमुना, दोन्ही द्या.
* प्रत्येक कापडावर आधी एक सॅम्पल काढून उन्हात बघा.
* सगळी ऑर्डर एकाच खेपेत द्या.
* जर्सी उलटी करून धुवा, सावलीत वाळवा. नागपूरच्या उन्हाशी पंगा नको!

निघताना ज्युनिअरने हिशोब केला आणि काकांना म्हणाली, ‘तीन जर्सी जास्तीच्या टाका.’

‘कोणासाठी?’ काकांनी विचारलं.

‘जिचं सिलेक्शन उशिरा होईल, तिच्यासाठी.’

मी काहीच बोलले नाही. चहाचे पैसे मात्र मीच दिले.