तार ग्रामपंचायतीपर्यंत, पुढे वस्तीचे काय?

दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील 5 टक्के वाटा ग्रामीण सेवेसाठी सरकारी निधीत जमा होतो. हा महसूल आपल्याच रिचार्जचा. म्हणजे बौद्धवाड्यातील शेतमजूर बाईही त्यात भर घालते. याच निधीतून ऑक्टोबर 2011 मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली. दोन वर्षांत काम संपणार होते. पुढे ‘भारतनेट’ असे बारसे झाले, मुदती मात्र सरकतच राहिल्या. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने 1 लाख 39 हजार 579 कोटींची सुधारित योजना मंजूर केली.

खर्चाबद्दल आमची तक्रार नाही. धडगाव-भामरागडच्या पाड्यावर नफा नाही, तिथे खासगी कंपनी कशाला जाईल? व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी वीज शासनाच्या हाती असावी, हा आग्रह धरला तो उगाच नव्हे.

प्रश्न तार कुठे थांबते हा आहे. ती थांबते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. ते कार्यालय कोणाच्या आळीत, किल्ली कोणाच्या खिशात आणि आपली वस्ती तिथून किती लांब, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सुधारित योजनेत उरलेल्या सुमारे 3 लाख 80 हजार गावांना जोडणी मिळेल ती ‘मागणीनुसार’. मागणी कोणाच्या तोंडून जाणार? 1923 मध्ये बोले ठरावाने सरकारी पैशाचे पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव केला. कागदावर तळे खुले होते. त्या पाण्याला आपला हात लागला तो 20 मार्च 1927 रोजी, आणि त्यासाठीही डोकी फुटली.

मोबाईल आहे ना सर्वांकडे, असे शहरी पंडित म्हणतील. मोबाईलवर रील पाहता येते. पण महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, दाखले स्कॅन करून चढवताना रेंज गेली की वस्तीतील पोरगी तालुक्याच्या दुकानात रांगेत उभी राहते. तिचा एक दिवस बुडतो, आईची मजुरी त्यात जाते. 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत.

म्हणून येत्या ग्रामसभेत वस्तीतील तरुणांनी लेखी मागणी ठेवावी: समाजमंदिर, विहारातील अभ्यासिका आणि मागासवर्गीय वसतिगृह येथे भारतनेटची जोडणी द्या. ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्यावी.