खडू कोणता होता?

कामोठ्यात आमच्या मजल्यावर चार वर्षांची एक मुलगी राहते. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तिची आई तिला कडेवर घेऊन धावतच आमच्याकडे आली. मुलीच्या ओठांवर पांढरी पूड. ‘काका, हिनं खडू खाल्ला!’ मी कविता लिहिणारा माणूस, मला काय कळणार? पत्नीनं मात्र एकच प्रश्न विचारला, ‘खडू कोणता होता?’

मंडळी, सगळं त्या प्रश्नातच आहे. फळ्यावरचा खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट किंवा जिप्सम. तो विषारी नाही. तुकडा घशात अडकला नाही, तर फार तर पोट दुखेल, शौचाला घट्ट होईल. पण झुरळं-मुंग्या मारायचा खडूही पांढरा आणि दिसायला तसाच. त्यात कीटकनाशक असतं. तो जास्त पोटात गेला तर उलट्या होतात, चक्कर येते, क्वचित झटकेही येतात. आपण त्याच्या रेघा मारतो ओट्याखाली, सिलिंडरमागे, म्हणजे नेमक्या मुलांच्या हाताला लागतील अशा जागी!

अशा वेळी तोंड पुसून काढावं, मूल शुद्धीवर असेल तर घोटभर पाणी द्यावं. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. खडूचा उरलेला तुकडा आणि वेष्टन बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. गाडी नसेल तर १०८ आहे. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणसेल गिळला असेल तर एक मिनिटही थांबू नये. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तो आतून भाजायला लागतो.

आमच्या शेजारणीच्या घरी झुरळांच्या खडूचं पाकीट न फोडलेलंच निघालं. मुलीनं शाळेचाच खडू खाल्ला होता. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘रोजच खाते हो. भिंतीचे पोपडेही. मारलं तरी ऐकत नाही. कॅल्शियम कमी असेल म्हणून टॉनिक आणलंय.’

हा समज घरोघरी आहे. खडू, माती, राख खाण्याच्या या सवयीला डॉक्टर ‘पायका’ म्हणतात. मॅगपाय या पक्ष्याचं हे लॅटिन नाव. तो काहीही खातो अशी जुनी समजूत होती. दोन वर्षांच्या आतलं मूल सगळंच तोंडात घालतं, ते चालायचंच. त्यानंतर महिनाभर ही सवय टिकली, तर बहुतेक वेळा पहिला संशय लोहाच्या कमतरतेचा घ्यावा लागतो. आणि कॅल्शियम लोहाबरोबरच दिलं, तर शरीर लोह कमी शोषतं. जेवणाबरोबरचा चहाही तेच करतो. आपल्याकडे तर लहान मुलांना चहा-बिस्किट हा नाश्ता!

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. आधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हा आकडा ५३.८ होता.

मीही लहानपणी पाटीवरची पेन्सिल कुरतडायचो. अम्मीनं बोटांना कडुनिंबाचा पाला चोळला, अब्बांनी धपाटे घातले, रक्त मात्र कुणी तपासलं नाही. ‘माती खाल्ली’ हा तर मराठीत लाज काढणारा वाक्प्रचारच! मूल माती खातं, तेव्हा आपण त्याचं रक्त पाहायचं सोडून त्याची लाज काढतो.

मातीतून जंतही होतात. जुन्या रंगाच्या पोपड्यांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. म्हणून डॉक्टरांना ‘खडू खाते’ एवढंच न सांगता, काय काय खाते ते सांगावं.

त्या मुलीचं हिमोग्लोबिन कमीच निघालं. लोहाचं औषध सुरू झालं. शी काळी झाली तेव्हा आई पुन्हा आमच्या दारात. पत्नीनं तिला सांगितलं, औषधानं तसं होतं, घाबरू नकोस. काही आठवड्यांतच भिंत चाटणं थांबलं. आईला वाटलं, आता औषधही थांबवावं. डॉक्टरांनी बजावलं, अजून दोन-तीन महिने चालू ठेवा, शरीरातला लोहाचा साठा भरायचाय. बाटली आता त्यांच्या वरच्या फळीवर असते. लोहाचं औषधही मुलानं एकदम पिऊन टाकलं, तर विषच.